एजंट म्हणतो मॉड्युलर, बँक म्हणते मॅन्युफॅक्चर्ड

पत्र:

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला भाड्याने राहतो. नवरा एच-वन-बीवर आहे, मी घरून काम करते, मुलगी पहिलीत. शेजारच्या केरी आणि एपेक्स गावांतल्या किमती ऐकून ऐकून कान किटले. शेवटी हार्नेट काउंटीत एक घर सापडलं. एक एकर जमीन, तीन बेडरूम, 1998 चं बांधकाम, मागे मोठा डेक, किंमत 2,65,000 डॉलर. आसपासची तेवढीच घरं लाखभराने महाग आहेत. जाहिरातीत मॉड्युलर लिहिलंय. पण लोन ऑफिसरने पत्ता टाकून बघितला आणि विचारलं, "हे मॅन्युफॅक्चर्ड तर नाही ना?" एजंटला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही फॅक्टरीतच बनतात, एकच आहे, शुक्रवारपर्यंत ऑफर द्या. ड्यू डिलिजन्स फी, म्हणजे घर तपासायला मुदत मिळावी म्हणून आगाऊ द्यायची रक्कम, चार हजार मागतायत. त्यात सांगलीहून सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर घर बघितलं आणि म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात राहायला अमेरिकेला गेलात का?" सासू-सासरे सहा-सहा महिने येणार, म्हणून पुढे एक खोली वाढवायचाही विचार आहे. दुसरा पर्याय म्हणजे जवळच्याच एका पार्कमध्ये, म्हणजे अशा घरांना जागा भाड्याने देणाऱ्या वसाहतीत, नवं कोरं मॅन्युफॅक्चर्ड घर. ते याच्या निम्म्या किमतीत मिळतंय, पण जागेचं भाडं दर महिन्याला वेगळं. फरक नक्की काय आणि आम्ही काय करावं?

— एक वाचक, मॉरिसव्हिल

उत्तर:

ताई,

शुक्रवारची घाई एजंटला आहे. चार हजारांचा चेक लिहायच्या आधी तुम्ही एकदा त्या घरी जा, आणि जाताना टॉर्च घ्या. नॉर्थ कॅरोलायनात ड्यू डिलिजन्स फी थेट विकणाऱ्याच्या खिशात जाते आणि तुम्ही मागे फिरलात तर ती परत येत नाही. म्हणजे हे घर काय आहे ते कळायच्या आधीच चार हजार गेले, असं व्हायचं. आणि ते कळायला खरं तर एक दुपार पुरते.

घराच्या मागच्या बाजूला जा. मॅन्युफॅक्चर्ड असेल तर बाहेरच्या भिंतीवर खालच्या कोपऱ्यात एक लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, साधारण दोन इंच बाय चार इंच. त्यावर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. घर ज्या तुकड्यांत ट्रकमागून आलं त्या प्रत्येक तुकड्याला एक पट्टी, त्यामुळे डबल-वाइडला, म्हणजे दोन तुकडे जोडून केलेल्या घराला, दोन दिसायला हव्यात. कुणी नवीन साइडिंग, म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण, चढवलं असेल तर पट्ट्या त्याखाली गाडल्या गेलेल्या असू शकतात, किंवा रंगाखाली. मग आत या. किचनच्या कपाटाच्या दाराआड, इलेक्ट्रिक पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या क्लोजेटमध्ये एक छापील कागद चिकटवलेला असतो, डेटा प्लेट म्हणतात त्याला. कारखाना, सिरियल नंबर, बांधल्याची तारीख, आणि अमेरिकेचे छोटे नकाशे: घर किती वाऱ्यासाठी, किती बर्फासाठी आणि किती थंडीसाठी बांधलंय ते सांगणारे. मॉड्युलर असेल तर लाल पट्टी नसते. त्याऐवजी राज्याचा शिक्का असतो, तोही बहुधा सिंकखाली किंवा पॅनेलजवळ.

टॉर्च क्रॉल स्पेससाठी, म्हणजे घराच्या फरशीखालच्या बसक्या पोकळीसाठी. खाली लांबच्या लांब पोलादी बीम दिसले तर ती चासी. मॅन्युफॅक्चर्ड घर त्याच चासीवर बांधतात, त्याच चासीवर रस्त्याने आणतात, आणि ती कायम खालीच राहते. चाकं आणि ओढायची दांडी काढली तरी चासी तिथेच. मॉड्युलर घराचे डबे साधारणपणे क्रेनने उचलून काँक्रीटच्या किंवा ब्लॉकच्या भिंतींवर ठेवतात, खाली लाकडी जॉइस्ट (आडव्या तुळया) दिसतात आणि आणणारा ट्रेलर परत जातो. पण नुसत्या पोलादावर निकाल लावू नका. काही मॉड्युलर घरंही चासीवरच राहतात, आणि बँका त्यांच्याकडेही जरा वाकड्या नजरेनेच बघतात. शेवटचा शब्द पट्टीचा किंवा शिक्क्याचा. एजंट काय म्हणतो, जाहिरातीत काय छापलंय, शेजारी काय सांगतात, याला किंमत नाही. खरं तर राज्याचं रिअल इस्टेट कमिशन ब्रोकरकडून हा फरक तपासून घेण्याचीच अपेक्षा ठेवतं. त्यामुळे "एकच आहे" हे उत्तर ईमेलवर लिहून मागा. बरेचदा तेवढ्यानेच उत्तर बदलतं.

आता फरक. दोन्ही फॅक्टरीत बनतात हे खरंच आहे. वेगळा आहे तो कायदा. 1974 मध्ये अमेरिकन काँग्रेसने एक कायदा केला आणि त्याखाली हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट खात्याने, ज्याला इथे सगळे हड म्हणतात, देशभरासाठी एकच बांधकाम संहिता केली. ती 15 जून 1976 पासून लागू झाली. त्या तारखेआधीचं ते मोबाइल होम, नंतरचं ते मॅन्युफॅक्चर्ड. घराच्या सांगाड्यावर, वायरिंगवर, प्लंबिंगवर केंद्राचा नियम चालतो. काउंटीचा इन्स्पेक्टर पाया, जोडण्या, जिने बघतो, पण भिंत आमच्या नियमाने बांधा असं त्याला म्हणता येत नाही. मॉड्युलरचं उलट. ते फॅक्टरीत बनलं तरी ज्या राज्यात बसणार त्या राज्याच्याच रेसिडेन्शियल कोडने बनवावं लागतं, म्हणजे केरीत जागेवर बांधलेल्या घराला जो कोड, तोच याला. म्हणून बँक, विमा कंपनी, घराची किंमत ठरवणारा अप्रेझर, टॅक्स ऑफिस सगळे मॉड्युलरला साधं घर धरतात. तुमच्यापुरता सगळा पैशाचा फरक इथून सुरू होतो.

सासऱ्यांना मात्र सांगा की पत्रा वगैरे काही नाही. 1998 च्या डबल-वाइडच्या आत लाकडी चौकट, जिप्समच्या भिंती आणि वर शिंगल हेच असतं. केरीतल्या आठ लाखांच्या घरातही तेच असतं, भिंतीवर मूठ मारली तर तसाच पोकळ आवाज येतो. विटा-सिमेंटच्या माणसाला अमेरिकेतलं कुठलंच घर पटत नाही, ते या घरावर काढू नका. उलट तुमच्या घराची वेळ बरी आहे. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात अशी घरं अक्षरशः सपाट केली, आणि 1994 मध्ये हडने वाऱ्याचे नियम कडक केले. 1998 चं घर त्यानंतरचं. कडक नियम मुख्यतः समुद्राकाठच्या काउंट्यांसाठी आहेत आणि हार्नेट त्यात येत नाही, तरी घर जमिनीला अँकरने बांधलेलं आहे ना, ते टॉर्च हातात असतानाच बघून घ्या. अँकरचे पट्टे गंजलेत का, सैल झालेत का.

खरी गोम टायटलमध्ये, म्हणजे मालकीच्या कागदात आहे. मॅन्युफॅक्चर्ड घर कारखान्यातून निघतं तेव्हा कायद्याच्या नजरेत ते वाहन असतं. नॉर्थ कॅरोलायनात त्याचं टायटल डीएमव्ही, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं खातं देतं, तुमच्या गाडीचं देते तसंच. आपल्याकडच्या भाषेत, जमिनीचा सातबारा एका माणसाकडे आणि घराचं आरसी बुक दुसरीकडे, असा प्रकार. मालकाची स्वतःची जमीन, पक्का पाया, आणि चाकं, अ‍ॅक्सल, दांडी काढलेली, एवढं असलं की शपथपत्र करून ते टायटल डीएमव्हीकडे रद्द करता येतं आणि ते शपथपत्र रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे जमिनीच्या कागदांच्या नोंदणी कार्यालयात नोंदवता येतं. मग घर आणि जमीन कागदावर एक होतात. पण हे मालकाने करावं लागतं, आपोआप होत नाही. पंचवीस-पंचवीस वर्षं लोक राहतात, टॅक्स भरतात आणि टायटल मात्र कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडून असतं. कधीकधी तेही सापडत नाही.

आणि तुमच्या घराचं साल 1998 आहे, म्हणून इथे जास्त बारकाईने बघा. त्या वर्षी अमेरिकेत पावणेचार लाखांच्या आसपास मॅन्युफॅक्चर्ड घरं कारखान्यांतून बाहेर पडली. आता वर्षाला लाखाच्या आसपास पडतात. त्या काळात डीलरच्या ऑफिसात बसल्या बसल्या, जमीन न बघता, ज्याला-त्याला कर्ज मिळत होतं. पुढे हप्ते थकले, घरं जप्त झाली, आणि कर्ज देणाऱ्या कंपन्याही बसल्या. त्यातली सगळ्यात मोठी ग्रीन ट्री 1998 मध्येच कॉन्सेकोने विकत घेतली होती, आणि कॉन्सेकोने 2002 च्या डिसेंबरात दिवाळखोरी जाहीर केली. अशा एखाद्या कंपनीचा बोजा टायटलवर तसाच राहिलेला असू शकतो. कर्ज कधीच फिटलंय, पण फिटल्याचा कागद देणारी कंपनी राहिलेली नाही. हा गुंता सुटतो, पण त्याला महिने लागतात, आणि क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पुरा करायची तारीख तोवर थांबत नाही. या राज्यात क्लोजिंग वकील करतो, तेव्हा ऑफर देण्याआधीच एखाद्या क्लोजिंग अ‍ॅटर्नीला फोन करून त्या पत्त्यावर डीएमव्हीचं टायटल रद्द झालंय का एवढंच बघून द्यायला सांगा. काउंटीच्या टॅक्सच्या साइटवर तुम्हालाही अर्धं उत्तर मिळेल: घर जमिनीबरोबर लावलंय की वेगळी पर्सनल प्रॉपर्टी म्हणून, ते तिथे दिसतं. लाल पट्ट्या गायब असतील तर हड नवीन देत नाही. इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी नावाची संस्था जुन्या नोंदी शोधून पत्र देते, त्याची फी विकणाऱ्याने भरावी.

कर्जाचं सांगते. टायटल रद्द झालेलं नसेल तर घरावर मिळतं ते चॅटल लोन, म्हणजे चल वस्तूवरचं. व्याज जास्त, मुदत कमी. टायटल जमिनीत विलीन झालेलं असेल आणि पाया पक्का असेल तर साधं तीस वर्षांचं मॉर्गेज मिळू शकतं. पुष्कळ लोक अशा घरांसाठी एफएचएकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या विम्याच्या कर्जाकडे जातात. पण मे 2025 पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना एफएचए बंद झालं आहे, म्हणजे तुमच्यासाठी ते दार नाही, आणि एजंटला हे माहीत असेलच असं नाही. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या नियमांत बसणारं कन्व्हेन्शनल लोन एच-वन-बीवर मिळतं, मॅन्युफॅक्चर्डलाही मिळतं. पण प्रत्येक बँक ते देत नाही, आणि ज्या देतात त्यांच्या अटी वरून आणखी असतात. घर आधी दुसऱ्या जागी बसवलेलं नव्हतं ना, हा प्रश्न हमखास येतो. फॅक्टरीतून थेट इथे आलं असेल तर उत्तम. दुसरीकडून उचलून आणलेलं असेल तर बऱ्याच बँका तिथेच फाइल बंद करतात. पाया पक्का असल्याचं इंजिनियरचं सर्टिफिकेटही मागितलं जाण्याची शक्यता धरा. ते आधीच्या विक्रीच्या वेळी काढलेलं असेल तर विकणाऱ्याकडून मागून घ्या.

व्हिसाचं म्हणाल तर माझ्या मते खरी अडचण हीच आहे. नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याच्या हातात साठ दिवस असतात. त्या साठ दिवसांत नवी नोकरी मिळाली नाही तर घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं. मॉड्युलर घर विकायला काढलंत तर ते घेणारा कुठल्याही बँकेत जाऊ शकतो. मॅन्युफॅक्चर्डला गिऱ्हाईक आहे, भरपूर आहे, पण त्या गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँका कमी, म्हणून वेळ जास्त लागतो. लोक म्हणतात अशा घराची किंमत गाडीसारखी पडत जाते. स्वतःच्या जमिनीवर, पक्क्या पायावर असेल तर तसं सरसकट होत नाही, एक एकर जमीन किंमत बऱ्यापैकी धरून ठेवते. पण विकायला लागणारा वेळ हा तुमच्या बाबतीत पैशाइतकाच महत्त्वाचा आहे.

पार्कवाला पर्याय सोडून द्या. नवं घर निम्म्या किमतीत मिळतंय, कारण जमीन त्यात नाही. घराचं टायटल तुमचं, खालची जागा दुसऱ्याची, आणि जागेचं भाडं किती वाढवायचं हे त्याच्या हातात. गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी अशी पार्क विकत घेतली आणि भाडी वाढवली, ही तक्रार देशभर आहे. भाडं परवडेना म्हणून घर उचलून न्यावं तर डबल-वाइड हलवायला हजारो डॉलर लागतात, आणि आधी बसवलेल्या घराचं कर्जाच्या बाबतीत काय होतं ते वर सांगितलंच. काही ठिकाणी रहिवाशांनीच सहकारी संस्था काढून पार्क विकत घेतलीत. न्यू हॅम्पशरमध्ये त्याची सुरुवात 1984 मध्ये मेरेडिथला झाली. तसं पार्क असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

मग हार्नेटचं घर घ्यावं का? शिक्का मॉड्युलरचा निघाला तर घर स्वस्त का, हे शोधा. एक लाख कोणी उगाच सोडत नाही. सेप्टिक, छप्पर, रस्त्याचा हक्क, काहीतरी असेल. पट्टी लाल निघाली आणि टायटल रद्द झालेलं असेल, पाया पक्का असेल, घर हललेलं नसेल, तर ते घर वाईट नाही, फक्त 2,65,000 ही मॉड्युलर समजून लावलेली किंमत आहे. हार्नेटमध्येच जमिनीसकट विकलेली मॅन्युफॅक्चर्ड घरं कितीला गेली ते एजंटकडून काढून घ्या आणि त्यावरून ऑफर द्या. मोठ्या बँकांचे अप्रेझरही तेच करतात, मॅन्युफॅक्चर्डची तुलना मॅन्युफॅक्चर्डशीच. जास्त बोली लावलीत तर अप्रेझल कमी येईल आणि फरक रोख भरावा लागेल. टायटल रद्द झालेलं नसेल तर ते विकणाऱ्याने क्लोजिंगआधी करून द्यावं ही अट कॉन्ट्रॅक्टमध्ये वकिलाकडून घालून घ्या. तो तयार नसेल तर सोडा.

इन्स्पेक्शनला असा माणूस घ्या ज्याने अशी घरं बघितली आहेत. तुम्हीही चपला काढून मधल्या पॅसेजमधून एकदा चाला. दोन तुकडे जिथे जोडलेत तिथे पायाला उंचवटा लागतो का, छताला त्या रेषेत तडा आहे का, बेडरूमचं दार आपोआप मिटतं किंवा चौकटीला घासतं का. घराखालचे आधाराचे खांब खचलेत हे सगळ्यात आधी दारं सांगतात. पुन्हा लेव्हल करून घेता येतं, फार मोठं काम नाही, पण खर्च विकणाऱ्याकडे टाकायला तो एक मुद्दा आहे. क्रॉल स्पेसमध्ये वर बघितलं की काळं आच्छादन दिसेल. ते फाटून लोंबत असेल तर इन्सुलेशन ओलं झालंय आणि आत उंदीर असण्याचीही शक्यता धरा.

विम्याचं एवढंच, की मॅन्युफॅक्चर्डची पॉलिसी वेगळी असते आणि काही कंपन्या ती देतच नाहीत, तेव्हा ऑफरआधी एक कोट मागवा.

राहिली सासू-सासऱ्यांची खोली. मॉड्युलर घराला खोली वाढवणं हे इतर कुठल्याही घरासारखंच: काउंटीचं परमिट, प्लॅन, काम. मॅन्युफॅक्चर्डला नवीन खोली घराच्या भिंतीवर किंवा छतावर भार टाकून जोडता येत नाही. तो सांगाडा फक्त स्वतःचं वजन पेलण्यापुरता डिझाइन केलेला असतो. खोली स्वतःच्या पायावर, स्वतःच्या खांबांवर उभी करावी लागते, आणि मधे नुसता सांधा झाकायचा. हे न बघता केलेल्या कामामुळे पुढच्या विक्रीत कर्ज अडतं. शिवाय या राज्यात सेप्टिकचं परमिट बेडरूमच्या संख्येवर असतं. तीन बेडरूमचं असेल तर चौथी काढायला काउंटीच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याकडे जावं लागेल, आणि मातीने साथ दिली नाही तर चौथी बेडरूम होणारच नाही, मग घर कुठल्याही प्रकारचं असो.

आणि तो मागचा मोठा डेक. घर मॅन्युफॅक्चर्ड निघालं तर डेकची फळी घराच्या भिंतीला बोल्टने मारलेली आहे की डेक स्वतःच्या खांबांवर वेगळा उभा आहे, ते बघून या. भिंतीला मारलेला असेल तर त्याचं परमिट काउंटीकडे मागा. परमिट नसेल तर डेक काढून पुन्हा बांधायचा खर्च ऑफरमधून वजा करा.